वैकुंठाची डाक, मार्गे मोर्शी

शुक्रवारी दुपारी आवळखेड्यात चोर शिरला असता तर त्याला अख्खं गाव डोक्यावर उचलून नेता आलं असतं. पण नेलं नसतं त्यानं. तोही बापडा आधी दरबारात जाऊन जागा धरून बसला असता.

मारुतीच्या पारापासून नत्थुजीच्या किराणा दुकानापर्यंत माणूस मांडीला मांडी लावून बसलेलं. मोर्शीकडून छकडे आलेले, संत्र्यांच्या बागांतली कामं टाकून बाया आलेल्या. दाटी अशी, की एकदा पुढच्या रांगेत खुशालराव पाटलांना शिंक आली, ती तिथं सोडायला जागाच नव्हती, म्हणून हातोहात मागं गेली आणि शेवटी एका वरुडच्या पाहुण्याच्या नाकातून बाहेर पडली. खोटं वाटत असेल तर गावात जाऊन विचारा. त्या पाहुण्याचं नाव तेवढं कोणाला आठवत नाही.

एवढी गर्दी कशासाठी? तर डाकेश्वर महाराजांसाठी.

बाकीचे बुवा अंगारा देतात, ताईत देतात, फार तर मंतरलेलं लिंबू. हे महाराज पोस्टाचं पाकीट देत. मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं, वर 'मुक्काम वैकुंठ' असा पत्ता घालायचा, तिकीट लावायचं आणि लाल पेटीत सोडायचं. नवे पैसे चालू होऊन दोन वर्षं झाली होती, आणि वैकुंठालाही नव्या पैशांचंच तिकीट चालतं याचं लोकांना विशेष कौतुक होतं.

"सुनो भाई, सुनो!" महाराज पारावरून गर्जत. "विष्णूचा दरबार म्हंजे हेड हापिस! यमाचा दरबार सब हापिस! अन् तुमचं आवळखेडं ब्रांच हापिस! सात दिवस थांबा. पत्र परत नाही आलं म्हंजे पोचलं. पोचलं म्हंजे पितर राजी! अन् परत आलं तर समजून घ्या, पितर नाराज. उसपर सरकार का शिक्का! अरे, बाबा खोटा असंल, सरकार खोटं असते काय?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं द्यायची कोणाची हिंमत नव्हती.

पत्र पाकिटात घालण्याआधी महाराजांना वाचून दाखवावं लागे. त्याला ते वाणीशुद्धी म्हणत. खुशालराव पाटलांनी मेलेल्या बापाला विचारलं, 'विहिरीवर इंजिन बसवू काय?' पत्र परत आलं नाही, इंजिन बसलं. एका भावानं वेगळं निघण्याबद्दल आजोबांना विचारलं. पत्र 'घेण्यास नकार' असा जांभळा शिक्का मारून परत आलं, आणि भाऊ एकाच चुलीवर राहून रोज भांडू लागले. तानुबाईची चार वर्षांची मैना देवीच्या साथीत गेली होती. तिनं लिहवून घेतलं होतं, 'मैने, जेवतेस ना गं?' ते पत्र परत आलं नाही. तेव्हापासून तानुबाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवू लागली होती.

गावचं ब्रांच पोस्ट नत्थुजीच्या दुकानातच होतं. एका कोपऱ्यात गूळ, दुसऱ्यात मिरच्या, मधल्या मेजावर शिक्का आणि शाईची गादी. बाहेर झाडूच्या जुडग्याशेजारी लाल पेटी. नत्थुजी पत्रं गोळा करी, त्यांची पिशवी बांधी आणि तोंडाला लाख लावी. ती पिशवी सायकलवर टाकून रोज मोर्शीला न्यायची, तिकडची आणायची आणि घरोघर पत्रं वाटायची, हे काम बुधाजीचं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहून द्यायचं, हेही त्याचंच. सरकारनं ते सांगितलेलं नव्हतं. गावानं सांगितलेलं होतं.

त्या शुक्रवारी नत्थुजीनं परत आलेल्या पत्रांतून एक उचललं आणि आवाज दिला, "दुर्गाबाई किसनराव!"

दुर्गाबाई उठली, ती दोन माणसांच्या पायांवर पाय देत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस म्हणजे तिला नुसतं धुकं दिसे, आणि धुकं कोणाचं ते आवाजावरून कळे. मोर्शीच्या शाळेत पुढच्या रविवारी डोळ्यांचं शिबिर होतं, अमरावतीहून डॉक्टर येणार होते. त्यांच्यातल्या एकानं आधीच येऊन तिला तपासलं होतं आणि सरळ सांगितलं होतं, "आजी, पिकलाय. आता काढला तर दिसेल. पुढच्या वर्षावर ढकललं तर मी शब्द देत नाही." म्हणून तिनं नवऱ्याला विचारलं होतं. किसनराव जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मोठं काम त्यांना विचारल्याशिवाय करायचं तिच्या जिवावर येई.

"नकार!" महाराजांनी पाकिटावरचा शिक्का सगळ्यांना दाखवला. "माई, तुमचे मालक म्हणतात, डोळ्याले लोखंड लावू नका. दर शुक्रवारी माह्या कमंडलूतलं पाणी घाला."

"आठ महिने घालून राहिली, महाराज."

"श्रद्धा कम पडती होगी."

गर्दीनं मान डोलावली. दुर्गाबाई पाकीट पदराखाली धरून घरी आली आणि ओट्यावर बसली. अडतीस वर्षांचा संसार. किसनरावांनी तिला पुष्कळ गोष्टींना नाही म्हटलं होतं, पण भांडल्याशिवाय एकदाही नाही. आणि आता एवढ्या मोठ्या कामात नुसता शिक्का? डोळे पुसायला तिनं पदर उचलला. पदराबरोबर पाकीट नाकाशी आलं.

दुर्गाबाईचं रडू जागच्या जागी थांबलं.

बुधाजी डाक वाटत दारावरून निघाला होता. तिनं सायकलच्या खडखडाटावरून त्याला ओळखलं.

"बुधाजी! इकडं ये. हे धर, वास घे याचा."

"पत्राचा वास, काकू?"

"घे तर!"

बुधाजीनं पाकीट नाकाशी नेलं आणि झटक्यात दूर केलं. "हिंग!"

"हिंगच ना? मले वाटलं, डोयाबरोबर नाकही गेलं. आता मले सांग, वैकुंठात वरणाले फोडणी देतात काय?"

बुधाजी हसला नाही. त्यानं पाकीट उलटं केलं, उजेडात धरलं, पुन्हा सुलटं केलं. मग तो ओट्यावर बसलाच.

"काकू, याच्या पाठीवर मोर्शीचा शिक्का नाही."

"मंग?"

"ह्या गावातून निघालेलं एकूण एक पत्र मोर्शीले जाते. पुण्याले जाओ, नाहीतर कलकत्त्याले जाओ. तिथं त्याच्या पाठीवर शिक्का बसते. वैकुंठाले जायाचं म्हटलं तरी वाट मोर्शीवरूनच. हे पत्र गावाबाहेर गेलंच नाही."

"अन् बाकीच्याईचे? जे परतच नाही आले?"

"त्याचंच मले कोडं होतं. कायदा असा हाये, मालक सापडला नाही तर पत्रावर तसं लिहायचं अन् पाठवणाऱ्याले परत द्यायचं. 'मालक मयत', 'पत्ता अपुरा', 'असं गाव नाही'. मी सोता लिहितो. वैकुंठाचं तर एकूण एक पत्र परत आलं पायजे. मले वाटे, नागपूरले जमा होत असतील. पिशवीले नत्थुजी लाख लावून देते, आतलं मले थोडंच दिसते!"

दुर्गाबाई म्हणाली, "म्हंजे 'नाही पोचलं' हे सांगायचं काम ज्याचं, त्यानंच तोंड मिटलं. अन् आपून समजलो, पोचलं."

"हो. अन् महाराजानं डोया मारला की तेवढ्यापुरतं उघडलं."

"मंग सांग ना गावाले!"

"मी सांगून कोण ऐकते? मागं नुसतं म्हटलं, की वैकुंठाची पिशवी मी कधी उचलली नाही. तर पाटील म्हणे, तुमी लोकाईनं धम्म घेतला, तुमच्यात स्वर्गच नाही, तुले तिकडच्या डाकेचं काय समजते?"

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, आमाले स्वर्ग नसंल, पाटील, पण मोर्शी हाये."

दुर्गाबाई हसली, आणि हसता हसता पुन्हा तिचे डोळे भरले. "म्हंजे त्याईनं नाही म्हटलंच नाही, बुधाजी."

"नाही, काकू. त्याईले कोणी इचारलंच नाही."

किसनरावांनी नकार दिला नव्हता. होकारही देणार नव्हते. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की ते खरंच गेले. मग तिनं नाक ओढलं आणि मांडी सावरली.

"टाक काढ. लिही. 'श्रीमान झिंगराजी यांस, मुक्काम वैकुंठ.'"

बुधाजीच्या हातून टाक निसटला आणि कागदावर शाईचा मोठा ठिपका पडला. "काकू, हे नाव—"

"लिही म्हणतो ना! 'विहिरीकाठचं वावर डाकेश्वर महाराजाच्या मठाले देऊन टाकू काय? तुमचा विचार कळवावा.' बस. अन् याची गोष्ट भाईर काढशील तर तुह्या सायकलीची हवा सोडतो."

त्याच संध्याकाळी लोक पांगल्यावर तिनं ते पत्र वाणीशुद्धीला नेलं. बुधाजीनं वाचून दाखवलं. विहिरीकाठच्या वावराचं नाव निघताच महाराजांचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले.

"ये झिंगराजी कौन, माई?"

"घरचेच हायेत, महाराज. लय कष्टाचे. आमच्या साऱ्या वावरात त्याईचाच घाम हाये."

"वा! पुण्यात्मा!"

"तोंडातून कधी एक वाकडा शब्द नाही. लग्नही नाही केलं त्याईनं."

"ब्रह्मचारी! ऐसी आत्मा सीधी वैकुंठ जाती है!"

बुधाजीला खोकल्याची उबळ आली. दुर्गाबाईनं कोपरानं त्याची बरगडी शोधली. पत्र लाल पेटीत पडलं. नत्थुजीनं ते काढलं, वैकुंठ हा शब्द पाहिला, बाकीचं वाचायची तसदी न घेता जिथं ठेवायचं तिथं ठेवलं.

आता हातात एकच शुक्रवार होता. रविवारी शिबिर. तिचा मुलगा म्हणत होता, बापाचा नकार आलेला असताना मी आईला मोर्शीला नेणार नाही, लोक मला जगू देणार नाहीत. गाव वळलं तर डोळा, नाहीतर कमंडलूतलं पाणी.

शुक्रवार आला. दुर्गाबाई मुलाला म्हणाली, पाय दुखतात, छकडा जुंप. आणि दरबाराच्या कडेला छकडा लावून पुढं जाऊन बसली. महाराजांनी तिला पाहताच दोन्ही हात आभाळाकडं नेले.

"आवळखेडेवासी, सुनो! दुर्गामाईचं पत्र परत आलं नाही! पहाटे ध्यानात मले झिंगराजीराव दिसले. पांढरं शुभ्र धोतर! भरदार मिशा! हातात जपमाळ! म्हणाले, वावर देऊन टाका!"

आधी शेवटच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग मधे. मग खुशालराव पाटील अर्धवट उठले.

"बाई, झिंगराजी म्हंजे... तुमचा बैल? ज्यानं माही निम्मी तूर खाल्ली?"

"तोच, पाटील."

"पण तो तं जिता हाये!"

"हाये ना! भाईर छकड्याले जुपला हाये. धोतर मी त्याले कधी नेसवलं नाही, महाराजानं नेसवलं असंल तं मालूम नाही."

सांगणारे सांगतात की नेमका त्याच वेळी झिंगराजी हंबरला. पण सांगणारे काहीही सांगतात. हशा मात्र असा उठला की पारावरचे कावळे तीन दिवस परतले नाहीत.

तरी महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हशा ओसरू दिला आणि हात उंचावले. "मूर्खांनो! वैकुंठात काल, आज, उद्या सब एक है! हा बैल पुढं जिथं जाणार, तिथं मले आधीच दिसला! ये तो लीला है!"

आणि काय सांगावं, दोन-चार माना डोलल्या. पाच-सहा झाल्या. माणसाला हसून झाल्यावर पुन्हा विश्वास ठेवायची घाई होते.

दुर्गाबाई उठली. "लीला तं लीला. मले मात्र तोळाभर हिंग पायजे." आणि नाक पुढं करून ती सरळ दुकानाकडं चालू लागली. लोक बाजूला होत गेले. बुधाजी एक पाऊल मागं.

नत्थुजी पळत येऊन मेजाआड उभा राहिला. "सरकारी हापिस हाये! आत यायले मनाई हाये!"

"मी हापिसात आली नाही, दुकानात आली. गिऱ्हाईक हावो मी. हिंग दे."

"हिंग... सरला."

"सरला? मले इथून वास येऊन राहिला! पाटील, तुमी गावचे पंच. गिऱ्हाईकाले खोटं सांगून राहिला हा!"

खुशालरावांनी स्वतः फळीखाली हात घालून हिंगाचा डबा ओढला. डबा ज्या खोक्यावर होता, तो खोकाही बरोबर आला आणि उलटा झाला. जमिनीवर पाकिटंच पाकिटं. प्रत्येकावर 'मुक्काम वैकुंठ'. एकाच्याही पाठीवर मोर्शी नाही.

बुधाजी खाली बसला आणि एकेक उचलून नाव वाचू लागला, रोज दारोदार वाचायचा तसंच, शांतपणे. "खुशालराव, तुमचं. वडिलाईले." पाटलांनी हात पुढं केला आणि घेतलं. मधेच झिंगराजीचं निघालं. त्यावर कोणी हसलं नाही. मग एक चुरगळलेलं निघालं.

"तानुबाई, तुमचं."

तानुबाईनं ते दोन्ही हातांनी धरलं. "उघडलं काय रे हे कोणी?"

"नाही, माय. कोणी नाही उघडलं."

"म्हंजे माह्या मैनेनं नाही वाचलं."

दुर्गाबाई चाचपडत आली, तानुबाईशेजारी बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग गाव पेटलं. नत्थुजीच्या गळ्यापर्यंत हात गेले, तेव्हा बुधाजी मधे पडला. "मारू नका! त्यानं तोंड उघडलं पायजे. आतापर्यंत मिटलं, तेच तं वाईट झालं!"

नत्थुजीनं तोंड उघडलं. महाराज पहिल्यांदा म्हणाले, पितरांची पत्रं परत करणं पाप आहे, ठेवून दे. नत्थुजीनं ठेवली. नारळ, कापूर, उदबत्ती दुकानातूनच खपू लागली, तेव्हा पापाची भीती जरा जास्तच वाटू लागली. मग महाराज वाणीशुद्धीनंतर खुणा करू लागले: डावा हात छातीवर ठेवला तर ठेव, उजवा ठेवला तर शिक्का मारून परत दे. खेळ एवढाच होता. स्वर्ग नाही, यम नाही. एक खोका, एक जांभळा शिक्का आणि बुवाचे दोन हात.

बुवाला शोधायला लोक पाराकडं धावले, तर तिथं कमंडलू तेवढा होता. पुढं कोणी म्हणे, तो पातूरकडं दिसला, आता वैकुंठाला तारा पाठवतो. आठ दिवसांनी टपालाचे साहेब अमरावतीहून आले, त्यांनी नत्थुजीचं पोस्ट काढलं आणि शाळेच्या पडवीत नेलं. खोक्यातली उरलेली पत्रं ज्याची त्याला रीतसर परत मिळाली. बुधाजीनं प्रत्येकावर कायद्याप्रमाणे लिहिलं: 'पोचू शकले नाही.'

शिबिराच्या रविवारी पहाटे झिंगराजीच्या छकड्यातून दुर्गाबाई मोर्शीला गेली. छकडा मुलानं हाकला. सोबतीला तानुबाई होती. डॉक्टरांनी विचारलं, "घरच्यांची परवानगी आहे ना, आजी?"

"डोया माहा, डॉक्टर. माही हाये."

सहा आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा लागला. पारावर बसलेल्या खुशालरावांनी तिला गाठलं आणि दबकत विचारलं, "किसनरावाईले आता कळवा लागते काय?"

"कोणाले कळवता, पाटील? जो माणूस ऐकून नाही राहिला, त्याच्या गप्प बसण्याले मी सहा वर्षं उत्तर समजत बसली. तुमी इंजिन बसवलं, ते तुमच्याच अकलेनं बसवलं. मंग नाव बापाचं काहून घेता?"

आणि वाचकहो, हे एकट्या पाटलांचं नाही. शंभर पत्रं पाठवली आणि एकही परत आलं नाही, तर शंभर पोचली असं नसतं. परत पाठवणारा झोपला असेल, भ्यायला असेल, किंवा कोणाच्या इशाऱ्यावर बसला असेल. देवाकडून काही ऐकू आलं नाही, पितरांकडून आलं नाही, तर ती नुसती शांतता आहे. त्या शांततेचा अर्थ सांगायला जो पारावर चढतो, त्याला आधी एकच विचारा: बाबा, वाटेवरचा शिक्का दाखव. तो नसेल तर डॉक्टर जवळ आहे, शाळा जवळ आहे, आपली अक्कल तर फारच जवळ आहे.

दुर्गाबाई तिथून नत्थुजीच्या दुकानात शिरली. तूरडाळ मागितली. नत्थुजीनं मान खाली घालून मापटं भरलं. तिनं डाळ पदरात घेतली, चष्मा नीट बसवला, खाली वाकून पाहिलं आणि अकरा खडे वेचून एकेक करून त्याच्या मेजावर ठेवले.

"नत्थुजी," ती म्हणाली, "आता हे बंद कर बाप्पा."